लोखंडी नांगराचा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर



कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात फिरताना आजकाल पिकाच्या सल्ल्याआधी दुसरेच प्रश्न पुढे येतात. राहिलेली दोन एकर ठेवावीत की देऊन मोकळे व्हावे? पोराने कंपनीत कंत्राटावर लागावे की कांदा-बटाटा करावा? भाड्याच्या खोल्या बांधाव्यात की विहीर खोल करावी? याची उत्तरे आमच्या शिफारशींच्या पुस्तकात सापडत नाहीत. कांद्याचा भाव उद्या काय निघेल हे चाकणच्या बाजारातल्या आडत्यालाही सांगता येत नाही, मग दहा वर्षांनी गावाचे काय होईल हे कोण सांगणार? म्हणून आज खत-औषधाचा विषय बाजूला ठेवतो आणि एका माणसाची हकीकत सांगतो.

टिकून राहण्याचा विषय निघाला की आपल्या भागात फिरंगोजी नरसाळ्यांचे नाव येणारच. १६६० साली चाकणचा भुईकोट त्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. ती कथा तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. पण वेढ्यात शत्रू समोर दिसतो आणि किल्ला कुठला राखायचा हेही ठरलेले असते. तुमच्या-आमच्या संसारात तसे नसते. कशाला धरून राहायचे आणि काय सोडायचे हेच आधी कळत नाही. त्यासाठी मला लक्ष्मणराव किर्लोस्कर जवळचे वाटतात. किर्लोस्कर हे नाव तुम्ही विहिरीवरच्या पंपावर आणि इंजिनावर वाचले असेल. त्या नावामागचा माणूस मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. शाळेत त्यांचे मन रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून बघणे एवढ्यातच जीव. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाची जबाबदारी उचलली आणि धाकट्याला १८८५ च्या सुमारास मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातले. तिथे पोरगा चित्रकार व्हायचा, असे सगळे ठरल्यासारखे होते. पण दोन वर्षांत लक्षात आले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंग कळू नयेत म्हणजे शेतकऱ्याला वाफसा कळू नये तसेच.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक रंगांच्या मागे लागून आयुष्य घालवतो. दुसरा सगळे टाकून घरी येतो. लक्ष्मणरावांनी काय केले बघा. रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत, हात आणि नजर लागते. त्यांनी ते रेखाटन शिकून घेतले आणि मुंबईतच भायखळ्याला नव्याने सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षकाची नोकरी मिळवली. आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तीच ही संस्था. शिकवून झाल्यावर मिळेल तो वेळ ते तिथल्या वर्कशॉपमध्ये घालवत. कारखानदारीची त्यांची शाळा ती.

त्याच काळात, १८८८ साली, सायकल त्यांच्या हाती आली. त्या वेळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, वर चालवायलाही शिकवायचे, असा दोघा भावांचा जोडधंदा सुरू झाला. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी पहिल्यांदा लागली ती सायकलच्या दुकानावर. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली. ज्ञान, अनुभव, कष्ट यांत लक्ष्मणराव कमी नव्हते, पण जागा अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. कायम पगाराची नोकरी त्यांनी सोडली आणि बेळगावचा रस्ता धरला. ही गोष्ट सांगताना लोक स्वाभिमानावर फार भर देतात. तो होताच. पण एक गोष्ट आपण शेतकऱ्यांनी नीट बघावी. नोकरी सोडली तेव्हा बेळगावचे दुकान चालू होते, भाऊ तिथे बसलेला होता आणि वर्कशॉपचे काम हातात मुरलेले होते. रागाच्या भरात राजीनामा फेकून उघड्यावर आलेला माणूस तो नव्हे. जोडधंदा आधी उभा होता, उडी नंतर घेतली.

बेळगावात सायकली दुरुस्त करता करता छोटा कारखाना निघाला. गिऱ्हाईक कोण? आजूबाजूला सगळी शेतकरीच माणसे. लक्ष्मणरावांनी पाहिले की हा माणूस आजा-पणज्याच्या अवजारांनी राबतो आहे. पहिले यंत्र त्यांनी काढले ते कडबा कापायचे. अख्खी ताटे टाकली की जनावर पाला खाते आणि बुडखे तुडवते. कापून घातला तर वाया जात नाही, दुष्काळात तर हा फरक गोठा वाचवतो. मग ते वळले नांगराकडे.

इथे थोडे थांबू. लाकडी नांगर कसा चालायचा हे आता जुन्या माणसांनाच ठाऊक. तो माती चिरतो, उलटवत नाही. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहते, म्हणून उभी-आडवी नांगरट करावी लागते, आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या तरीही खाली राहतातच. लोखंडी नांगराचे वळणदार पाते मातीचा पट्टा उचलून पालथा घालते. तण गाडले जाते, खालच्या अळ्या आणि कोष उन्हात उघडे पडतात, पहिला पाऊस जमिनीत मुरतो. परदेशी नांगर तेव्हा बाजारात होते, पण लक्ष्मणरावांना तो इथे, आपल्या बैलांना आणि आपल्या मातीला साजेसा करायचा होता.

त्यांनी चाळीस नांगर तयार केले. आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे, मंडळी. भांडवल अडकलेले, कामगारांचा पगार चालू, आणि माल अंगणात उन्हापावसात. लोखंडाने जमिनीला विष चढते, रान नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. आज हे ऐकून हसू येते. मला मात्र त्या शेतकऱ्यांची बाजूही समजते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बाभळीच्या लाकडाचा दुसरा करून द्यायचा आणि बलुत्यात हिशेब मिटायचा. बिडाचा नांगर तडकला तर गावच्या लोहाराने करायचे काय? बीड तापवून ठोकता येत नाही. शिवाय ओतकामात फाळ मऊ निघाला तर चार दिवसांत झिजतो, फार कडक निघाला तर दगडाला लागून तुटतो. ऐन नांगरटीत अवजार बसले तर हंगाम जातो, आणि हंगाम गेलेल्या शेतकऱ्याला कारखानदार काही वर्षभर पोसत नाही. म्हणजे विषाची समजूत खोटी असली, तरी तिच्या आडची भीती खरी होती. नव्या वाणाबद्दल, नव्या औषधाबद्दल तुम्ही शंका काढता तेव्हा मला हेच आठवते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला इथे दिसते. शेतकरी अडाणी आहे असे म्हणून त्यांनी धंदा बदलला नाही. चाळीस नांगर वितळवून सायकलीच्या दुकानात परत बसता आले असते, पैसाही सुटला असता. पण गिऱ्हाईक शेतकरीच आणि वस्तू त्याच्या रानात चालणारी, ही दिशा त्यांनी सोडली नाही. एकेक करून शेतकरी तयार झाले. आमच्या खात्यात याला प्रात्यक्षिक म्हणतात. दहा भाषणांनी होत नाही ते शेजाऱ्याच्या बांधावरून पाहिलेल्या एका नांगरटीने होते.

जरा बरे दिवस आले तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जागा हवी होती, त्यात कारखान्याची जागा गेली. आपल्या पट्ट्यातल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. कारखान्यासाठी शेत गेलेले तुम्ही पाहिले आहे, इथे वसाहतीसाठी कारखाना गेला. चाळिशीचा माणूस, बायको राधाबाई, मुलेबाळे, सोबतचे कामगार, आणि भट्टी लावायला हक्काची जागा नाही.

त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तेच हे राजे. लक्ष्मणरावांशी त्यांचा आधीपासून स्नेह होता आणि औंधला एका बांधकामाचे कामही त्यांनी लक्ष्मणरावांना दिले होते. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि संस्थानच्या हद्दीत जागा देऊ केली. औंध संस्थान सलग नव्हते, त्याचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले होते. त्यातल्याच एका तुकड्यात, कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकरांचा माळ मिळाला. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतो.

माळ म्हणजे कसा? फड्या निवडुंग, दगड आणि साप. पाण्याची बोंब. जमेची बाजू एकच, रेल्वे. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा आणि तयार नांगर गावोगाव धाडायचे तर स्टेशन जवळ हवे. १० मार्च १९१० रोजी पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे या माळावर आली, आणि किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. बेळगावसारखे शहर सोडून निवडुंगात संसार मांडायला पंचवीस कुटुंबे तयार झाली. हुकूम सोडून माणसे अशी येत नाहीत. मालक स्वतः बायकापोरांसह तिथेच राहायला आला होता, म्हणून ती आली.

सरपंच आणि ग्रामपंचायतीची मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी रामूअण्णांचे नाव ठळक लिहितो. लक्ष्मणराव भट्टीत आणि यंत्रात असत. वस्ती उभी केली ती रामूअण्णांनी. निवडुंग तोडणे, घरे, रस्ते, पाणी, साफसफाई हे सगळे त्यांच्याकडे. कारखान्याच्या इतिहासात नांगराचे नाव मोठे होते, पण त्या माळावर पाण्याची सोय झाली नसती तर कामगार आठ दिवस टिकला नसता. आपल्या गावांत लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली आणि कचरा-पाणी जुन्याच मापाचे राहिले, हे तुम्ही रोज भोगता आहात.

माणसे पारखण्याची लक्ष्मणरावांची रीतही वेगळीच. हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रकामाला शंभोराव जांभेकर, आणि शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर, जे पुढे कल्पक यंत्रज्ञ झाले. शिक्का बघून नेमायचे नाही, हात बघून नेमायचे. रात्रीच्या राखणीला तर त्यांनी तुरुंग भोगून आलेली माणसे ठेवली. लोकांनी वेड्यात काढले असेल. त्या माणसांनी कारखाना इमानाने राखला. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही, असा दंडक त्यांनी घातला, आणि तो १९१० च्या आसपासच्या खेड्यात, हे ध्यानात घ्या.

बस्तान बसते न बसते तोच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल यायचा बंद झाला, म्हणजे देशी नांगराला मागणी वाढली. पण नांगर करायचा कशाचा? लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. भाव चढलेला आणि विकायला माल नाही, हा प्रसंग शेतकऱ्याला काही नवा नाही. दगडी कोळसा नाही तर लाकडाचा कोळसा जाळून भट्टी चालवली. जुने लोखंड गोळा करून वितळवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा नांगरासाठी दिल्या, अशी हकीकत त्या भागात आजही सांगतात. कसेही करून नांगर गाडीत भरून जात राहिला.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये घरच्या धंद्याची लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. ते नंतर ‘किर्लोस्कर’ म्हणून घराघरांत गेले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. लक्ष्मणरावांनी थोरला मुलगा शंतनुराव याला शिकायला थेट अमेरिकेत बोस्टनजवळ एमआयटीत पाठवले. तो १९२६ साली इंजिनिअर होऊन परत आला.

त्याच १९२६ साली किर्लोस्करवाडीत पंप तयार झाला, फिरत्या पंख्याच्या जोराने पाणी उचलणारा. आपल्या देशात झालेला असा तो पहिला पंप मानतात. मोटेने पाणी काढायचे म्हणजे बैल आणि माणूस दिवसभर धावेवर. तरी भिजणार किती? नांगरानंतर पाणी, हा क्रम शेतकऱ्याच्या गरजेचाच होता. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे हीसुद्धा त्याच गरजेतून आली.

१९३० च्या आसपास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. ज्याच्या हातात पैसा नाही तो नांगर कुठून घेणार? अशा वेळी कारखान्याने लोखंडी फर्निचरसारखी वेगळी कामेही केली. काहींना वाटेल, इथे दिशा सुटली. मला तसे वाटत नाही. पाऊस लांबला तर आपण बाजरी सोडून हुलगा पेरतो, त्याने शेती सुटत नाही. कामगार घरी न बसवता ओतशाळा आणि यंत्रे चालू ठेवणे महत्त्वाचे होते. माणसे आणि भट्टी जागेवर राहिली, म्हणूनच दिवस पालटल्यावर शेतीची यंत्रे पुन्हा जोमाने निघू शकली.

१९४६ साली आपल्या पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना निघाला. तोवर कारभार शंतनुरावांच्या हाती आलेला होता. वीज नसलेल्या गावांत विहिरीवर टकटक करणारे डिझेल इंजिन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

आणि मग १९४८. महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. अडतीस वर्षे निवडुंग तोडून, साप मारून, पाणी आणून उभे केलेले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या वयात माणूस आपण लावलेल्या झाडाच्या सावलीत बसायची अपेक्षा करतो. सूड धरून वाडी मोडता आली असती, दुसऱ्या प्रांतात जाता आले असते. तिकडे त्यांच्या घराण्याचे कारखाने होतेही. पण वाडी मोडली नाही. जळालेले बाजूला केले आणि कारखाना त्याच माळावर परत चालू झाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर ही हकीकत वाचून कुणी कर्ज काढून उडी मारायचा. लक्ष्मणरावांना रामूअण्णांसारखा भाऊ होता आणि बिनव्याजी पैसे देणारा राजा भेटला. आपल्याला बँक आहे, सोसायटी आहे आणि हप्ता आहे. मोबदल्याचा पैसा हातात आला की पहिले भले मोठे वाहन दारात येते, हे आपल्या भागात किती घरांत झाले ते तुम्हीच मोजा. लक्ष्मणरावांनी मिळालेले दहा हजार माळावर घातले, भट्टीत घातले. उरलेली जमीन ठेवायची की द्यायची हे मी कोण सांगणार? पण घरात बसून एवढे ठरवता येते की आपल्याला नक्की काय येते, ते कुणाच्या उपयोगाचे आहे, आणि पैसा त्याच कामात जाणार का. कांद्याची चाळ असो, रोपवाटिका असो, कंपनीच्या कँटीनला भाजी पुरवणे असो, नाहीतर लेथ घालून सुटे भाग करणे असो. लक्ष्मणरावांनी गाव बदलले, वस्तू बदलल्या, इंधनसुद्धा बदलले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशनचे जुने नाव तर कधीच मागे पडले. पुणे-मिरज मार्गावर आता पाटी दिसते ती किर्लोस्करवाडीची.

ट्रॅक्टर आल्यापासून आपल्याकडे बैलाचा लोखंडी नांगर गोठ्यामागे पडून असतो आणि एखाद्या दिवशी भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. तुमच्याकडे असेल तर देण्याआधी पोराला जवळ बोलावून त्याचा फाळ दाखवा. तो नांगराला कसा बसवला आहे, झिजल्यावर तेवढाच काढून नवा कसा घालता येतो, आणि पाते कोणत्या बाजूला वळवले आहे, हे त्याला नीट बघू द्या.